मृत्यूच्या वहीतील जीवनाचा हिशेब

कोणत्याही नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत गेलो, तर तेथे जन्ममृत्यूची एक नोंदवही असते. आता तिची जागा बहुतेक ठिकाणी संगणकाने घेतली आहे; पण वहीचा धर्म बदललेला नाही. या वहीकडे आपण जातो ते दाखल्यासाठी. मुलाला शाळेत घालायचे असते, वारसाची नोंद करायची असते, विम्याचे पैसे मिळवायचे असतात. दाखला हातात पडला की वहीचा आणि आपला संबंध संपतो. आपल्या घरचे माणूस ज्या पानावर नोंदले गेले, त्याच पानावर त्याच महिन्यात आपल्या आळीतील आणखी कितीजण नोंदले गेले, ते कशाने गेले, कोणत्या वयात गेले, हे पाहण्याचे आपल्या मनात येत नाही. मृत्यू ही प्रत्येक घरची खाजगी गोष्ट आहे अशी आपली समजूत आहे आणि एका अर्थी ती खरीही आहे. परंतु एका घरातील मृत्यू दुसऱ्या घरातील मृत्यूशेजारी मांडला, की त्या दोहोंतून कधी कधी असे काही दिसू लागते, जे त्या दोन्ही घरांतील माणसांना दिसलेले नसते. या दिसण्याचा इतिहास आम्हांला आज थोडक्यात सांगावयाचा आहे. तो लंडनला सुरू होतो, मुंबई-पुण्यावरून जातो आणि आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीच्या जंगलात, एका महत्त्वाच्या मुक्कामाला येतो.

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांची यादी छापून विकली जात असे. ही यादी कशी तयार होई ते पाहण्यासारखे आहे. कोणी मेले की त्या पेठेत नेमलेल्या म्हाताऱ्या बाया घरी जाऊन प्रेत पाहत आणि मृत्यूचे कारण चर्चच्या कारकुनास सांगत. त्या बायांना वैद्यकाचा गंधही नसे. श्रीमंत लोक ही यादी वाचत ती मुख्यत्वे एवढ्याचसाठी, की प्लेग वाढू लागला तर वेळीच शहर सोडता यावे. जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका फिती-कापडाच्या व्यापाऱ्याने मात्र या याद्यांचे जुने गठ्ठे जमवले आणि आपल्या दुकानाचा जमाखर्च पाहावा तशा नजरेने ते पाहिले. १६६२ साली त्याने आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जन्मलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ३६ मुले सहा वर्षांची होण्याआधीच मरतात, असा त्याने अंदाज बांधला. आपल्या आकड्यांत खोट कोठे आहे हेही त्याने लपवले नाही. बिअरचा एक पेला आणि हातावर ठेवलेली चार नाणी यांच्या बळावर प्रेत पाहणारी बाई घराण्याच्या अब्रूला बाधणारा रोग लपवते आणि तेथे दुसराच रोग लिहिला जातो, हे त्याने स्पष्ट नमूद केले. आकड्यांचे हे शास्त्र जन्माला आले, तेव्हाच त्याला हे कळून चुकले होते की, आपले पहिले भांडण माणसाच्या भीतीशी आणि लाजेशी आहे. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण पुढे तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १८३७ साली, इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची नोंद सरकारी झाली. तेथील निबंधक कार्यालयात विल्यम फार नावाचा एक वैद्य १८३९ च्या सुमारास रुजू झाला आणि त्याने पुढील चाळीस वर्षे हीच वही डोळसपणे वाचली. कोणता रोग कोणत्या नावाने लिहावा याची शिस्त त्याने लावली. कोणत्या पेठेत किती माणसे राहतात आणि त्यांपैकी किती मेली याचे प्रमाण काढून पेठांची तुलना केली. नुसते ‘शंभर मेले’ म्हणण्यात अर्थ नाही, कितींपैकी शंभर मेले हे सांगावे लागते, ही आज शाळकरी मुलालाही पटणारी गोष्ट कारभाराच्या अंगवळणी पाडण्यात फारचा वाटा मोठा आहे.

पण याच फारची एक चूक फार बोधप्रद आहे. १८४९ साली लंडनमध्ये पटकीची मोठी साथ आली. फारने सर्व पेठांचे आकडे मांडले तेव्हा त्यास असे आढळले की, थेम्स नदीच्या काठच्या सखल भागात मृत्यू फार आणि जसजसे उंचावर जावे तसतसे मृत्यू कमी. आकडे अगदी बिनचूक होते. त्यावरून फारने निष्कर्ष काढला की, सखल भागातील कुबट, घाणेरड्या हवेतून पटकी पसरते. त्या काळच्या बहुतेक विद्वानांचे मतही तसेच होते. वस्तुतः सखल भागातील लोक नदीचे अधिक घाण पाणी पीत होते. आकडे खरे असूनही अर्थ चुकू शकतो, तो असा. वही स्वतः होऊन बोलत नाही. तिला प्रश्न विचारणारा माणूस लागतो.

असा प्रश्न विचारणारा माणूस जॉन स्नो हा होता. १८१३ साली यॉर्क येथे एका कष्टकऱ्याच्या घरी तो जन्मला. क्लोरोफॉर्म देऊन बधिर करण्याच्या कलेत तो इतका निष्णात होता की, १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात त्यास बोलावण्यात आले होते. पटकी हवेतून येत नसून पोटातून येते, म्हणजे रोग्याच्या मैल्याचा अंश पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात गेल्याने ती होते, असे मत त्याने १८४९ सालीच मांडले होते. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात १८८४ साली निश्चित केला. म्हणजे स्नोने हे सांगितले तेव्हा हाती धरून दाखवावे असे त्याच्यापाशी काहीच नव्हते. होती ती एक वही आणि चालण्यासाठी दोन पाय.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास, पटकीचा असा भडका उडाला की, दहा दिवसांत सुमारे ५०० माणसे गेली. स्नो जवळच राहत होता. त्याने निबंधक कार्यालयातून त्या आठवड्यातील मृत्यूंची यादी मागवून घेतली आणि त्यांतील ८३ मृत्यूंचा तपास घरोघर जाऊन केला. बहुतेक सर्व मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या अवतीभवती झाले होते. केवळ १० मृत्यू अशा घरांत होते, ज्यांना दुसरा पंप जवळ पडत होता. एरवी कोणी म्हणाला असता, हे दहा अपवाद आहेत, सोडून द्या. स्नोने ते सोडले नाहीत. त्यांपैकी पाच घरांतील माणसांनी सांगितले की, ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडते म्हणून आम्ही मुद्दाम तेथूनच ते आणतो; आणि आणखी तीन मृत्यू ज्या मुलांचे होते, ती पंपाजवळच्याच शाळेत जात होती.

उलट बाजूचे अपवादही त्याने तितक्याच आस्थेने पाहिले. पंपापासून जवळच गरिबांचे एक आश्रयगृह होते. तेथे ५३५ माणसे राहत असूनही मेली फक्त ५. त्या आश्रयगृहाची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच एक बिअरचा कारखाना होता. तेथील सत्तरांहून अधिक कामगारांपैकी पटकीने एकही मेला नाही, कारण त्यांना पिण्यास कारखान्याची बिअर मिळे आणि पंपाकडे जाण्याची त्यांना गरज पडत नसे. सर्वांत नवलाची हकीकत हॅम्पस्टेडच्या एका विधवा बाईची. ती कित्येक मैल दूर, जेथे साथ नव्हती अशा ठिकाणी राहत असे; पण पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहिल्याने तिला त्या पाण्याची गोडी होती आणि गाडीवाल्याकडून ती रोज एक बाटली मागवीत असे. ती पटकीने गेली, आणि तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यालेली तिची पुतणीही गेली. आपल्याकडेही अमक्या आडाचे पाणी गोड म्हणून माणसे दोन आळ्या ओलांडून घागर नेत असत. त्या बाईची आवड आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो त्या पेठेच्या पंचांपुढे उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. येथपर्यंतची कथा पुष्कळांनी ऐकली आहे आणि ती बहुधा येथेच संपवण्यात येते : दांडा निघाला, साथ थांबली! पण इतिहास सांगायचा तर पुरा सांगितला पाहिजे. दांडा काढला त्याआधीच मृत्यू उतरणीस लागले होते. कारण बहुसंख्य लोक पेठ सोडून पळाले होते. ही गोष्ट स्नोने स्वतःच लिहून ठेवली आहे. मग त्या दांड्याचे महत्त्व काय?

याचे उत्तर एका धर्मोपदेशकाने दिले. हेन्री व्हाइटहेड हा त्या पेठेतील चर्चचा तरुण उपाध्याय. घरोघर जाऊन मरणाऱ्यांच्या उशाशी तो बसला होता. स्नोचे म्हणणे त्यास मुळीच पटले नव्हते आणि ते खोडून काढण्यासाठीच त्याने स्वतंत्र चौकशी आरंभली. त्याला माणसे ओळखत होती. एकेका घरी तो चार-चार, पाच-पाच वेळा गेला. जसजशी माहिती जमत गेली तसतसे त्याच्या लक्षात येऊ लागले की, स्नोचेच खरे आहे. पुढच्या वर्षी निबंधकाच्या नोंदी वाचताना त्याची नजर एका ओळीवर थबकली. ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक ४०. पाच महिन्यांची मुलगी. मृत्यू २ सप्टेंबर. त्याआधी चार दिवस अतिसार. म्हणजे बाळ आजारी पडले ते साथ भडकण्याच्या आधी! आणि ते घर तर पंपाला लागूनच होते. व्हाइटहेड त्या बाळाच्या आईला भेटला. बाळाचे दुपटे धुतलेले पाणी तिने घरापुढील मैल्याच्या खड्ड्यात ओतले होते. खणून पाहता त्या खड्ड्याच्या विटा निखळलेल्या आढळल्या; विहिरीपासून त्याचे अंतर तीन फुटांहूनही कमी होते. त्याच घरातील बाळाचा बाप ८ सप्टेंबरला, म्हणजे नेमका पंपाचा दांडा निघाला त्या दिवशी, पटकीने आजारी पडला आणि पुढे वारला. दांडा जागच्या जागी असता, तर त्या विहिरीत दुसऱ्यांदा विष उतरले असते. दांड्याने पहिली साथ थांबवली असे म्हणता येत नाही. दुसरी साथ त्याने बहुधा येऊच दिली नाही.

आमच्या मते या हकीकतीतील खरा नायक ती एक ओळ आहे. पाच महिन्यांच्या मुलीचा मृत्यू, तोही अतिसाराने. त्या गर्दीत कोण्या कारकुनाने कंटाळून ती ओळ लिहिली नसती, तर साथीचा उगम कायमचा अंधारात राहिला असता.

याच वर्षी स्नोने आणखी एक काम केले आणि शास्त्राच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. थेम्सच्या दक्षिणेस दोन खाजगी कंपन्या एकाच रस्त्यात, एकमेकींच्या शेजारच्या घरांना पाणी पुरवीत. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी उचलण्याचे ठिकाण शहराच्या घाणीच्या वर, नदीच्या वरच्या अंगास नेले होते. सदर्क-व्हॉक्सहॉल कंपनी मात्र लंडनची गटारे जेथे मिसळत तेथूनच पाणी घेत होती. हवा तीच, रस्ता तोच, गरिबी-श्रीमंतीही सारखीच. फरक काय तो नळाचा. स्नो घरोघर फिरून कोणाचा नळ ते विचारू लागला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : सदर्क-व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७! विल्यम फारने त्याचे मत मान्य केले नव्हते. तरीही स्नोची चौकशी पाहून त्याने त्या भागातील निबंधकांना हुकूम दिला की, यापुढे पटकीच्या प्रत्येक मृत्यूपुढे त्या घरी पाणी कोठून येते हे लिहावे. वहीत एक रकाना वाढला. प्रतिपक्षाच्या प्रश्नासाठी आपल्या वहीत रकाना आखून देणे ही विद्वत्तेतील सभ्यता होय. १८६६ साली लंडनच्या पूर्व भागात पटकी पुन्हा आली, तेव्हा फारने तोच रकाना वाचला आणि पाण्याचा दोष निःसंदिग्धपणे मान्य केला. स्नो मात्र ते ऐकण्यास नव्हता. १८५८ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी तो वारला होता.

आता आपण आपल्या घरी येऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांना रोगी तपासताना गाठीच्या तापाची शंका आली आणि त्यांनी ती निर्भयपणे जाहीर केली. हा प्लेग होता. त्यापुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईत म्युनिसिपालिटीची मृत्यूनोंद तर कित्येक वर्षांपासून चालू होती. मग लंडनच्या त्या वहीने जे केले ते मुंबई-पुण्याच्या वहीला का करता आले नाही?

याचे एक कारण शास्त्रीय होते : उंदीर आणि पिसू यांचा संबंध सिमाँ याने १८९८ साली मांडला आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी आठदहा वर्षे गेली. पण दुसरे कारण अधिक खोल होते. नोंद घेणारा आणि नोंदला जाणारा यांच्यात विश्वास उरला नव्हता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. रोगी आढळला की तो इस्पितळात, घरची माणसे छावणीत, सामान जाळण्यासाठी बाहेर, असा प्रकार सुरू झाला. पुण्यात तर गोरे शिपाई घरात शिरून झडती घेऊ लागले. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही, बायकामाणसांची मर्यादा पाहिली नाही. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हे महाराष्ट्रातील पोराथोरांना ठाऊक आहे. आम्हांला येथे वेगळी गोष्ट सांगावयाची आहे. ज्या घरी रोग नोंदला गेला की घरच मोडते, त्या घरी रोग नोंदला जात नाही. लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, प्रेते गुपचूप नेली, प्लेगऐवजी दुसरेच कारण सांगितले. मुंबईत प्लेग म्हणून नोंदलेल्या मृत्यूंवरून जेवढी वाढ दिसावी, त्याहून कितीतरी अधिक वाढ एकूण मृत्यूंत होती. ग्रॉन्टने लिहिलेली बिअरच्या पेल्याची गोष्ट येथे पुन्हा उभी राहिली. फरक इतकाच की, लंडनमध्ये लाज होती आणि येथे दहशत होती.

आणि याच काळात दुसरे एक दृश्य आहे. पुण्याजवळ ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई रोग्यांना स्वतः आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवरून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. एकीकडे बूट घालून घरात शिरणारा शिपाई आणि दुसरीकडे पाठीवर मूल घेऊन चालणारी सासष्ट वर्षांची बाई! आपल्या घरातील रोग कोणाला सांगावा, असे त्या दिवसांतल्या माणसाला वाटले असेल, हे सांगायला नको.

खेड्यापाड्यांतील लोकांचे शहाणपणही येथे नोंदले पाहिजे. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, हे आपल्या आजेपणज्यांना माहीत होते. पंडितांना उंदराचा कार्यकारणसंबंध पटवून घ्यायला दहा वर्षे लागली; शेतकऱ्याने मेलेला उंदीर पाहून बिऱ्हाड हलवले. स्थानिक माहिती ती हीच. ती गावात असते. तिला विचारणारा मात्र भेटावा लागतो.

तो भेटला ती कथा शंभर वर्षांनंतरची आहे. १९८२ साली चांद्यापासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. दाट जंगल, गोंड-माडिया वस्त्या, दळणवळण बेताचेच. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी परदेशातील शिक्षण पुरे करून १९८६ साली येथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. त्यांनी आरंभी इस्पितळाची मोठी इमारत बांधली नाही. आधी मोजायला सुरुवात केली. १९८८ च्या सुमारास त्यांच्या कार्यक्षेत्रात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२१ मुले वर्षाच्या आत दगावत होती. त्यांतील फार मोठा वाटा न्यूमोनियाचा होता. आईला दिसे ते इतकेच, की लेकराला धाप लागली आणि ते गेले.

न्यूमोनियाचे औषध स्वस्त होते. प्रश्न तो ओळखण्याचा होता. मिनिटाला श्वास किती, हे मोजले की तो ओळखता येतो. पण ज्या सुइणीला अक्षरओळख नाही, साठपर्यंत आकडे म्हणता येत नाहीत, तिने मोजायचे कसे? त्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले एक साधे साधन तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. बस्स, एवढेच! गावातील माणसांनीच तपासून औषध दिलेल्या ६१२ रोगी बालकांपैकी दगावली शेकडा एकाहूनही कमी. जेथे हा उपक्रम नव्हता त्या भागात अशा रोगात शेकडा १३.५ मुले दगावत होती. १९९० साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

मोजणी थांबली नाही, म्हणूनच पुढचा प्रश्न उभा राहिला. उरलेले बालमृत्यू बहुतांशी जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले होते. हे दिवस बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीतले. तेथे ना डॉक्टर जात, ना बाळ तेथून बाहेर येई. १९९५-९६ मध्ये ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ नवजात बालकांवर गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायांनी घरी जाऊन लक्ष ठेवले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली शेकडा २.६ बालकांना, दगावली ४०. हा आकडा वाचून हात जोडून बसता आले असते. परंतु ज्या बाया मोजत होत्या, त्यांनाच उपचारही शिकवायचे असे ठरले. त्यांचे नाव आरोग्यदूत. पाचवी-सातवी-दहावीपर्यंत शिकलेल्या या बायकांनी बाळाचे वजन घ्यावे, ताप पाहावा, ऊब द्यावी, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यावा आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यावे! शहरातील कित्येक तज्ज्ञांना हे धाडस वाटले. उत्तर पुन्हा वहीनेच दिले. या ३९ गावांत सुरुवातीला हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. तिसऱ्या वर्षी ती संख्या २५ वर आली. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत मात्र ती ६० च्या घरातच राहिली. १९९९ साली हा वृत्तान्त जगापुढे आला. आज देशभर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. या पद्धतीचे मूळ त्या ३९ गावांत आहे.

आणखी एक प्रसंग सांगून हा भाग संपवू. २००१ साली महाराष्ट्रातील १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रात, खेड्यांत, आदिवासी पाड्यांवर आणि शहरी झोपडपट्ट्यांत, केलेल्या मोजणीचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ या नावाने प्रसिद्ध झाला. सरकारी नोंदीतून बहुसंख्य बालमृत्यू सुटून जातात, हे त्यातून उघड झाले. मुद्दाम कोणी दुष्टपणा केला असे म्हणण्याची गरज नाही. मृत्यू अधिक नोंदले की खालच्या कर्मचाऱ्यास वरून जाब विचारला जातो. न नोंदले तर कोणी विचारत नाही. १८९७ साली वहीला घरातला माणूस भीत होता. येथे वही लिहिणाराच भीत होता. पुढे शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. आरसा दाखवणाऱ्यालाच आरसा पुसायला बोलावले, ही शासनाच्या बाजूनेही चांगली गोष्ट झाली असे आम्ही मानतो. २०२० सालच्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा अर्भकमृत्यूचा आकडा हजारी १६ आहे. गडचिरोलीच्या १२१ पासून हे अंतर राज्याने अनेकांच्या हातांनी कापले आहे. त्या हातांत लाल मणी सरकवणाऱ्या सुइणीचाही हात आहे.

या तीन हकीकतींतून आपल्या गावासाठी काय घ्यावयाचे? जन्ममृत्यूनोंदणीचा केंद्रीय कायदा आपल्याकडे १९६९ सालचा आहे. २१ दिवसांत खबर देणे हे त्यात सांगितले आहे. पण २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते, असे मृत्यू शेकडा २२ च्या आसपासच होते. म्हणजे आपल्या वहीला माणूस गेला एवढे कळते. का गेला हे बहुधा कळत नाही. तो रकाना भरण्याचे काम सरकारइतकेच आपलेही आहे. घरच्या माणसाचा मृत्यू झाल्यावर ‘हृदय बंद पडले’ एवढे लिहून घेऊन आपण मोकळे होतो. हृदय तर सर्वांचेच शेवटी बंद पडते!

समजा, उन्हाळ्यात एखाद्या पेठेत काविळीचे रोगी वाढू लागले. एका डॉक्टरकडे तिघे गेले, दुसऱ्याकडे चौघे, वैद्याकडे दोघे, काविळीचे औषध उतरवून देणाऱ्याकडे आणखी पाच. प्रत्येकाला आपला आकडा किरकोळ वाटतो. हे चौदा जण एका कागदावर आले आणि त्यांच्या घरांच्या जागा नकाशावर टिपल्या, तर कदाचित असे दिसेल की, ते सारे एकाच नळाच्या फाट्यावर आहेत आणि त्या फाट्याशेजारून गटार जाते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, गावचा नकाशा आणि चार घरी जाऊन आपुलकीने विचारणारा माणूस, एवढे पुरते. नगरपालिकेच्या आरोग्यखात्याने दर महिन्याला पेठवार आकडे फळ्यावर लावावेत, अशी मागणी आपण नागरिकांनी केली तर ती अवास्तव म्हणता येणार नाही. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी आपण आकडे ऐकत होतोच. साथ गेली आणि ती सवयही गेली. भीतीपोटी जे वाचत होतो, ते जबाबदारीपोटी वाचता येणार नाही काय?

मात्र एक पथ्य सांभाळले पाहिजे. अशा मोजणीतून कोणाच्या घराकडे बोट दाखवले जाऊ नये. क्षयाचा रोगी, कुष्ठरोगी, एचआयव्हीबाधित माणूस यांचे नाव चव्हाट्यावर आले, की दुसऱ्या दिवसापासून वही खोटे बोलू लागेल. पेठेचा आकडा सर्वांचा. माणसाचे नाव त्याचे एकट्याचे. पुण्याच्या प्लेगने हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकवला आहे.

ब्रॉड स्ट्रीटच्या त्या बाळाला आपल्या ओळीचे पुढे काय झाले हे कधी कळले नाही, आणि त्याच्या आईला ती ओळ वाचून काही सांत्वन झाले असेल असेही नाही. पण तिने व्हाइटहेडला दारात उभे न करता घरात घेतले आणि दुपट्याचे पाणी कोठे ओतले ते खरे सांगितले. तिचे मूल गेले होते, नवरा गेला होता. तिने खोटे सांगितले असते तरी तिला कोण दोष देणार होते? तिच्या त्या खरेपणावर एका शास्त्राचा पाया पक्का झाला. उद्या आपल्या गावी कोणी आशा कार्यकर्ती दारात येऊन, घरात कोणाला ताप आहे काय, लहान मूल किती दिवसांचे आहे, पाणी कोठले पिता, असे विचारील, तेव्हा तिला बाहेरूनच वाटेला लावू नये. तिला बसायला पाट द्यावा, पाणी द्यावे आणि खरे सांगावे.